मासे ठणठणीत, पण कोरल मिटलेले आणि गोगलगायी मरताहेत. पाण्यात नेमकं काय बिघडलंय?

खाडीकाठ यांचा प्रश्न:

पुण्यात तीन फुटी रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, कोरलचा मत्स्यटँक) आहे. सम्प (टँकला जोडलेली गाळणीची टाकी) धरून प्रत्यक्ष पाणी साधारण १६० लिटर, टँकचं वय दीड वर्ष. कोरल सगळे मऊ जातीचे आहेत: झोआ, टोडस्टूल लेदर, मशरूम, जीएसपी (ग्रीन स्टार पॉलिप). मासे तीनच, दोन क्लाउन आणि एक रॉयल ग्रामा.

गेल्या महिन्याभरात झोआ एकेक करून मिटले आणि उघडेनात. लेदरचे पॉलिप बाहेर येत नाहीत, मशरूम आक्रसून बटणाएवढे झालेत. ट्रोकस गोगलगायी काचेवरून सुटून पडतात. सरळ करून ठेवल्या तरी पुन्हा चढत नाहीत, दोन-तीन दिवसांत जातात. क्लीनर श्रिंप कात टाकतानाच मेला. मासे मात्र उत्तम खातात.

रीडिंग अशी: क्षारता ८.१ डीकेएच, कॅल्शियम ४१५, मॅग्नेशियम १३२०, नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०८, अमोनिया शून्य, पीएच ८.१, क्षारमान ३५ पीपीटी, तापमान २६ ते २७. उन्हाळ्यामुळे पंखा चालू असतो, त्यामुळे रोज तीन लिटरच्या आसपास पाणी उडतं. ते ऑटो टॉप-अपने भरलं जातं. दर पंधरवड्याला १५ लिटर पाणी बदलतो. मीठ तेच, दिवे तेच. कार्बन बदलून पाहिला, फरक नाही. सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी येतं, म्हणून टँकसाठी स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी वापरतो. त्याचा टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार, पीपीएममध्ये) ७० ते ९०. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

पाटपाणी:

नुसतं लेदर मिटलं असतं तर थांबा म्हणालो असतो. टोडस्टूल अधूनमधून मेणचट पापुद्रा टाकतं आणि तेवढे दिवस मिटूनच असतं. पण गोगलगायी आणि श्रिंप एकाच महिन्यात जाताहेत म्हणजे पाण्यात विष आहे. तुमची रीडिंग चांगली आहेत, म्हणून क्षारता आणि कॅल्शियमशी खेळत बसू नका. मिटलेले कोरल बघून अंदाजाने आयोडीन किंवा ट्रेस एलिमेंट ओतणं तर मुळीच नको.

आधी रिफ्रॅक्टोमीटर (क्षारमान मोजायचं उपकरण) तपासा. शून्यावर साध्या पाण्याने जुळवलेला रिफ्रॅक्टोमीटर ३५ वर दोन-तीन पीपीटीने सहज चुकतो. तो ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणानेच जुळवावा.

मग तीन गोष्टी सांगा. एक, वेव्हमेकरचा (पाणी फिरवणाऱ्या पंपाचा) रोटर आणि काच घासायचं चुंबक बाहेर काढून नीट बघा. आवरणाला केसाएवढी चीर किंवा गंजाचा डाग आहे का? निओडिमियम चुंबकावर बहुधा निकेल-तांबं-निकेल असा मुलामा असतो. आवरण फुटलं की तांबं खाऱ्या पाण्यात उतरतं. दोन, त्या खोलीत डासांचं लिक्विड मशीन लावता का, किंवा घरात पेस्ट कंट्रोल झालंय का? त्यातली पायरेथ्रॉइड (कीटकनाशकं) स्किमरच्या, म्हणजे बुडबुड्यांनी घाण काढणाऱ्या यंत्राच्या, हवेच्या नळीतून थेट पाण्यात ओढली जातात. ती श्रिंप, खेकडे आणि कोपेपॉड यांना फार अल्प प्रमाणातही मारतात. गोगलगायी मात्र त्यांना बऱ्यापैकी सोसतात. तुमच्याकडे गोगलगायीही मरताहेत, म्हणून माझा संशय धातूवर जास्त आहे. आणि तीन, आरओ नेमका कोणत्या प्रकारचा आहे?

रेझिनवाला:

पाटपाणी यांच्या तिसऱ्या प्रश्नापाशीच गाडी अडली आहे असं वाटतं. हल्ली घरगुती प्युरिफायरमध्ये तांबं सोडणारी काडतुसं येतात. पिणाऱ्याला त्याचा त्रास नाही. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात (आयएस १०५००) तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालतं. पण समुद्राच्या पाण्यात तांबं लिटरला एक मायक्रोग्रॅमच्याही खाली असतं. शंख-शिंपले, कवचधारी आणि कोरल त्या पाण्यात घडलेले जीव आहेत. लिटरला काही दहा मायक्रोग्रॅमवरच त्यांचे हाल सुरू होतात. माशांना तेवढं तांबं जाणवत नाही. मरीन इक या माशांच्या परजीवी रोगाच्या उपचारात तर माशांना मुद्दाम त्याहून कितीतरी जास्त देतात. मासे ठणठणीत आणि बाकी सगळं कोसळतंय, हे तांब्याचं अगदी ठरलेलं चित्र आहे.

आता तुमच्या पंख्याचा हिशेब बघा. पाणी उडतं तेव्हा फक्त पाणी उडतं, त्यातला धातू टँकमध्येच राहतो. रोज ३ लिटर म्हणजे महिन्याला ९० लिटर टॉप-अप. प्युरिफायरच्या पाण्यात लिटरला ०.१ मिलिग्रॅम तांबं धरलं तर महिन्यात ९ मिलिग्रॅम आत गेलं. ते १६० लिटरमध्ये भागलं तर लिटरला ५६ मायक्रोग्रॅम. थोडं दगड आणि वाळू धरून ठेवतात, तरी दिशा एकच. हिवाळ्यात पंखा बंद असतो, टॉप-अप कमी लागतो, म्हणून तेव्हा त्रास दिसत नाही. तुम्ही बदलता ते १५ लिटर पाणीही त्याच आरओचं, त्यामुळे पाणी बदलूनही सुटका होत नाही.

टीडीएस मीटर हे दाखवणार नाही. ८० पीपीएममध्ये ०.१ पीपीएम तांबं हरवून जातं. बहुतेक घरगुती कॉपर किटही इतकं कमी नीट पकडत नाहीत. त्यामुळे किटवर रंग आला नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. खात्री हवी तर टँकचं पाणी आणि आरओचं पाणी असे दोन वेगळे नमुने आयसीपी तपासणीला (प्रयोगशाळेत अगदी अल्प धातूही मोजणारी चाचणी) द्या. दुसरा नमुना द्यायचा लोक विसरतात, आणि उत्तर त्यातच असतं.

खाडीकाठ:

दोघांचेही आभार. चुंबकं आणि रोटर बाहेर काढून पाहिले, आवरणं धड आहेत. त्या खोलीत लिक्विड मशीन नाही, पेस्ट कंट्रोलही झालेलं नाही. प्युरिफायरच्या माहितीपत्रकात मात्र "कॉपर" आणि "मिनरल" अशी दोन्ही काडतुसं लिहिली आहेत, शिवाय टीडीएस कंट्रोलरही आहे. कॉपरचं काडतूस मागच्या सर्व्हिसला नवीन बसवलं होतं, त्याला महिना-दीड महिना झाला. उरलेल्या गोगलगायी वाचवता येतील का? आणि नवीन आरओ-डीआय (आरओनंतर उरलेले क्षारही डीआय रेझिनने काढणारं यंत्र) येईपर्यंत पाणी कुठून आणू?

रेझिनवाला:

वेळ जुळते आहे. टॉप-अपची टाकी आजच रिकामी करा.

पाण्याची तात्पुरती सोय घरातच आहे. प्युरिफायरमध्ये मेंब्रेनच्या हाऊसिंगमधून दोन नळ्या निघतात, एक वाया जाणाऱ्या पाण्याची आणि एक शुद्ध पाण्याची. शुद्ध पाण्याच्या नळीला टीडीएस कंट्रोलरच्या जोडाच्या आणि काडतुसांच्या आधी प्लास्टिकचा टी (तीन तोंडांचा जोड) बसवून घ्या. सर्व्हिसवाला दहा मिनिटांत करून देतो. कंट्रोलर तिथे कच्चं पाणी मिसळतो, म्हणून टी त्याच्या अलीकडेच हवा. तिथलं पाणी २० ते ३० टीडीएसचं मिळेल. त्याला डीआय रेझिनचं एक काडतूस जोडलं की शून्यावर येईल.

त्या पाण्यात लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम मीठ घालून पंप लावून रात्रभर फिरवा. पहिली २० लिटरची बादली गोगलगायींसाठी: हीटर, एअरस्टोन, वर झाकण. थेंबाथेंबाने तासभर सवय करून मगच सोडा. ज्या अजून पाय आवळून घेतात त्या वाचण्याची आशा आहे.

टँकमध्ये दर तिसऱ्या दिवशी ४० लिटर बदला, असे चार वेळा. प्रत्येक वेळी तीन चतुर्थांश उरतं, म्हणजे चार वेळांनंतर पाण्यातलं तांबं एक तृतीयांशाच्या खाली येतं. एकदम सगळं बदलू नका. नव्या मिठाची क्षारता ११ डीकेएच असेल आणि टँक ८ वर असेल, तर त्या झटक्यानेच लेदर आणखी मिटेल. तापमान आणि क्षारमान दोन्हीकडे सारखं ठेवा.

सोबत सम्पमध्ये कुप्रिसॉर्ब (तांबं शोषणारं रेझिन) जाळीच्या पिशवीत, पाणी त्यातून वाहील अशा जागी. नुसतं तरंगत ठेवलं तर निम्मं काम होतं. ते तांबं धरत गेलं की गडद निळं-काळं होतं. पॉलीफिल्टर (धातू शोषणारी गाळणीची गादी) मिळालं तर फारच छान, कारण ते तांब्याने निळसर-हिरवं होतं आणि निदानही हातात येतं. कार्बन चालू राहू द्या. "धातू निष्प्रभ करणारे" वॉटर कंडिशनर घालू नका. ते तांबं बांधून ठेवतात, बाहेर काढत नाहीत, आणि बांधलेलं तांबं रेझिनलाही नीट पकडता येत नाही.

चार दिवसांत झोआ उघडले तर हुरळून रेझिन काढू नका. दगड आणि वाळूने धरलेलं तांबं हळूहळू सुटत राहतं, म्हणून रेझिन दोन-तीन महिने राहू द्या. मग एकच गोगलगाय परत सोडा. ती पंधरा दिवस काचेवर फिरत राहिली तर बाकीच्या.

पाटपाणी:

कायमच्या आरओ-डीआयबद्दल थोडं. टँकरचं पाणी ८०० टीडीएसचं असेल तर चांगलं मेंब्रेनही २० ते ३० च सोडतं, आणि त्यावर डीआय रेझिन लवकर संपतं. दोन डीआय काडतुसं एकामागे एक लावा. पहिलं संपलं की दुसरं पहिल्या जागी, नवं मागे. रेझिन संपत आलं की मीटर हलायच्या आधी सिलिका सुटायला लागतं, म्हणून मीटर १ दाखवू लागला की त्याच दिवशी बदला.

दाब बघून घ्या. गच्चीवरच्या टाकीतून दहा मीटर उंचीमागे जेमतेम १ बार मिळतो, मेंब्रेनला ४ बारच्या आसपास हवा. बूस्टर पंप नसेल तर पाणी कमी येतं आणि टीडीएसही वाढतो. मशीन सुरू केल्यावर पहिले एक-दोन लिटर डीआयला न देता सोडून द्या, बंद असताना मेंब्रेनमधून क्षार झिरपलेले असतात. एका लिटरमागे तीन-चार लिटर वाया जातं, ते फरशी पुसायला आणि फ्लशला वापरा.

जुन्या दगडांचा संशय येऊन मालवणहून दगड आणायचा विचार कुणी सुचवला तर ऐकू नका. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि भित्ती बांधणारे सगळे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. बदलायचेच असतील तर कोरडे सिरॅमिक दगड घ्या.

आणि मेंब्रेननंतर कुठेही पितळी जोड, पितळी कॉक किंवा तांब्याची नळी नको. शून्य टीडीएसचं पाणी धातू फार पटकन उचलतं. टाकीपर्यंत सगळं प्लास्टिकचं पुश-फिट ठेवा, आणि टॉप-अपच्या टाकीतला फ्लोटचा स्क्रू पितळी नाही ना, तेही बघा.