विमच्या टर्मिनलमध्ये कंट्रोल डब्ल्यूचा घोळ, मदत हवी

राजेहो, विम (टेक्स्ट एडिटर) ९.१, उबंटू २४.०४, बॅश (टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा शेल). विममध्येच खाली टर्मिनल स्प्लिट उघडून काम करून राहिलो. कमांडमधला शब्द पुसायला सवयीनं कंट्रोल डब्ल्यू दाबतो, पण तो विमच गिळतो, काल पुढचं अक्षर एस होतं तर खिडकीचे दोन तुकडे झाले! कंट्रोल डब्ल्यूनंतर टिंब दिलं की शब्द पुसतो, पण हाताला वळण लागत नाही. मग टर्मविनकी (टर्मिनलमध्ये कंट्रोल डब्ल्यूऐवजी विमसाठी कोणती की चालेल ते ठरवणारी सेटिंग) कंट्रोल एल केलं, तर स्क्रीन साफ करायची की गेली.

मिहानमधलं ऑफिसचं मशीन आहे, नवीन काही टाकता येत नाही, त्यामुळे टीमक्स, निओविम सांगू नका बावा. टर्मविनकीला बॅशमध्ये सहसा न लागणारी कोणती की लावता तुम्ही?