शब्दचर्चा: 'ॲक्टिव्हिन रिसेप्टर'साठी ग्राहक, ग्राही की आणखी काही?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक)

नमस्कार. थॅलेसेमियाच्या (तांबड्या रक्तपेशी नीट तयार न होण्याच्या आनुवंशिक विकाराच्या) रुग्णांसाठी मराठी माहितीपत्रक तयार करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. त्यात लुस्पॅटरसेप्ट या औषधाची ओळख करून द्यायची आहे आणि ते 'ॲक्टिव्हिन रिसेप्टर'पासून (ॲक्टिव्हिन या प्रथिनाचा निरोप घेणाऱ्या, पेशीवरील प्रथिनापासून) घडवलेले आहे हे सांगितल्याशिवाय पुढचे काहीच समजत नाही. पहिल्या मसुद्यात मी 'ॲक्टिव्हिन ग्राहक' असे लिहिले होते. तो वाचायला दिला तेव्हा बावीस वर्षांच्या एका रुग्णाच्या आईने नेमके त्या शब्दावर बोट ठेवून विचारले, "ताई, ग्राहक म्हणजे आम्हीच ना? मग हे औषध आम्हीच बाहेरून विकत आणायचे का?" शब्द तिथल्या तिथे खोडला, पण त्या जागी काय लिहावे हे अजून ठरत नाही. 'सिग्नलिंग' (पेशीपर्यंत निरोप पोहोचणे) आणि 'ट्रॅप' (अशा औषधाला दिले जाणारे नाव) या शब्दांविषयीही जाणकारांनी सुचवावे.

उत्तर १ (शरीरक्रियाशास्त्राचे निवृत्त शिक्षक, नाशिक रोड)

ताई, 'ग्राहक' खोडलात हे उत्तम केलेत. माझी पसंती 'ग्राही' या शब्दाला आहे. गुणग्राही, सारग्राही या शब्दांत जो 'ग्राही' आहे तोच इथे अभिप्रेत आहे: समोर आलेल्या अनेक गोष्टींतून आपल्याला हवी ती ओळखून धरणारा. पेशीच्या आवरणावरचे हे प्रथिन तेच करते. 'सिग्नलिंग'साठी 'संदेशवहन' लिहावे. मराठीत 'संकेत' म्हटले की रूढी, शिष्टाचार किंवा आधी ठरवून ठेवलेली खूण मनात येते, म्हणून तो शब्द टाळलेला बरा.

मात्र 'ॲक्टिव्हिन'चे भाषांतर 'सक्रियक' असे कृपया करू नये. बीजकोशातील द्रवात सापडलेले हे प्रथिन 1986 मध्ये ओळखले गेले तेव्हा ते पीयूष ग्रंथीतून एफएसएच हे संप्रेरक स्रवण्यास चालना देते एवढेच ठाऊक होते, आणि याच्या उलट काम करणाऱ्या 'इनहिबिन'शी जोडी जमावी असे नाव त्याला मिळाले. म्हणजे नाव पडले ते एका कामावरून. तांबड्या रक्तपेशी तयार होताना ॲक्टिव्हिनसारख्या प्रथिनांचे हेच कूळ शेवटच्या टप्प्यावर त्यांची वाढ अडवते, तर कर्करोगात शरीर खंगू लागते तेव्हा स्नायूंच्या ऱ्हासाला हातभार लावते. अशा वेळी 'सक्रियक रक्तपेशींची वाढ थांबवतो' हे वाक्य वाचून कोणीही बुचकळ्यात पडेल.

'बिघडलेला ग्राही' हा शब्दप्रयोगही प्रत्येक आजारात चालणार नाही. फायब्रोडिस्प्लेशिया ऑसिफिकन्स प्रोग्रेसिव्हा या अतिदुर्मीळ विकारात स्नायू आणि अस्थिबंध यांच्या जागी हळूहळू हाड तयार होत जाते. अशा बाळांच्या पायाचे अंगठे बहुधा जन्मतःच आखूड आणि वळलेले असतात. याचे मूळ एसीव्हीआर1 या ग्राहीत असल्याचे 2006 मध्ये उघड झाले: त्याच्या अमिनो आम्लांच्या साखळीतील 206 व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन आलेले असते. निरोगी माणसात ॲक्टिव्हिन-ए (ॲक्टिव्हिनचा एक प्रकार) या ग्राहीला येऊन चिकटते, पण हाड तयार करण्याचा निरोप आत जात नाही. बदललेला ग्राही मात्र त्याच स्पर्शाला हुकूम समजतो. म्हणजे इथे ऐकू येणे बंद झालेले नाही, तर जे ऐकायचे नव्हते तेही ऐकू येऊ लागले आहे. अशा ठिकाणी मी 'अतिदक्ष ग्राही' म्हणेन.

उत्तर २ (वैद्य, पंचवटी)

सरांचा 'ग्राही' पटतो, परंतु आमच्या शास्त्रात ग्राही म्हणजे द्रवांश शोषून मल बांधून आणणारे द्रव्य. सुंठ आणि जिरे ही त्याची नेहमीची उदाहरणे. पंचवटीतील एखाद्या आजीबाईंना 'ग्राही औषध' म्हटले तर त्या जुलाबाचे औषध समजतील. 'ग्राहीप्रथिन' असा जोडशब्द करावा, म्हणजे गोंधळ उरणार नाही.

उत्तर ३ (टोमॅटो व द्राक्ष उत्पादक, दिंडोरी)

'ट्रॅप'ला सापळाच म्हणावे. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी आम्ही टोमॅटोत कामगंध सापळे लावतो. मादीच्या गंधाची गोळी आत असते आणि नर पतंग त्यात येऊन पडतात. हे औषधही तसेच आहे का?

उत्तर १ कडून पुन्हा

दादा, उदाहरण फार नेमके दिलेत, फक्त बाजू उलट आहे. आपल्या सापळ्यात निरोप खोटा असतो आणि फसतो तो निरोप घेणारा. या औषधात निरोप खरा असतो, घेणारा मात्र नकली. ग्राहीप्रथिनाचा पेशीबाहेरचा तुकडा प्रतिपिंडाच्या (अँटीबॉडीच्या) शेपटीला जोडून रक्तात सोडलेला असतो. तो ॲक्टिव्हिनच्या कुळातील प्रथिनांना वाटेतच धरतो आणि पेशीपर्यंत निरोप पोहोचत नाही. लुस्पॅटरसेप्टमध्ये तर एक अमिनो आम्ल मुद्दाम बदलून ॲक्टिव्हिन-एवरची पकड सैल केलेली आहे. फुप्फुसाच्या धमन्यांतील रक्तदाबासाठी अमेरिकेत 2024 मध्ये मान्यता मिळालेले सोटॅटरसेप्ट याच घडणीचे आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला होता, हे आपणा सर्वांना ठाऊकच आहे. त्या शब्दाला दुसऱ्याचे रूप घेऊन वावरण्याची छटा आहे, म्हणून 'तोतया ग्राही' मला चपखल वाटतो. फक्त 'तोतया औषध' असे चुकूनही छापले जाऊ नये, कारण लोक त्याचा अर्थ बनावट औषध असाच घेतील.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे आभार. शेवटी असे लिहिले आहे: "तांबड्या पेशींची वाढ अडवणारे काही निरोप पेशीच्या अंगावरील ग्राहीप्रथिने घेतात. हे औषध म्हणजे अशा ग्राहीप्रथिनाचा तोतया आहे. तो निरोप वाटेतच अडवतो, त्यामुळे अधिक तांबड्या पेशी पूर्ण वाढू शकतात आणि काही रुग्णांना बाहेरून रक्त कमी वेळा द्यावे लागते." हा मजकूर मी त्याच आईंना पुन्हा वाचायला दिला. दोनदा वाचून त्यांनी विचारले, "मग हा तोतया अंगात टिकतो किती दिवस?" दर तीन आठवड्यांनी त्वचेखाली इंजेक्शन घ्यावे लागते हे वाक्य माझ्या मसुद्यात थेट शेवटच्या पानावर होते, ते आता याच परिच्छेदाखाली आणले आहे.