मदत हवी आहे: जेएसएफमधले सगळ्या पानांचे एजॅक्स इव्हेंट एकाच जागी कसे पकडायचे?

काटापावती:
राम राम मंडळी. हिंगणघाटकडच्या एका जिनिंगचं सॉफ्टवेअर सांभाळून राहिलो. जावा, जेएसएफ २.२ (जावातलं वेब पानं बनवायचं फ्रेमवर्क), त्याचं मोजारा व्हर्जन, सर्व्हर टॉमकॅट. प्राइमफेसेससारखी जोड लायब्ररी वगैरे नाही, सगळीकडे साधं एफ-एजॅक्स (पूर्ण पान लोड न करता सर्व्हरशी बोलणारा जेएसएफचा टॅग).

लफडं असं आहे की कापसाची ट्रॉली काट्यावर लागली की ऑपरेटर गाडी नंबर टाकते, वजन येते, तो सेव्ह दाबते. दिवाळीनंतर गेटपासून रोडपर्यंत ट्रॅक्टर उभे राहतात, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आणि सर्व्हर नागपूरले. नेट अडकलं की स्क्रीनवर काहीच दिसत नाही, ना चक्री ना एरर, मग तो दाबतच राहते आणि एकाच ट्रॉलीच्या दोन-तीन पावत्या होतात. संध्याकाळी हिशोबाले बसलं की मुनीमजी मलेच फोन लावतात.

दुसरं म्हणजे जेवून आल्यावर सेशन संपलेलं असते, बटण दाबलं तर पान मुकं. लॉगिनवर पण जात नाही.

प्रत्येक एफ-एजॅक्सले ऑनइव्हेंट (रिक्वेस्ट सुरू झाली, संपली की चालणारं फंक्शन) लावता येते हे मले माहीत आहे, काट्याच्या पानावर लावून पाह्यलं, चालते. पण पानं खूप आहेत, अन् उद्या नवीन पान करणारा ते लावायले विसरलाच समजा. एकाच ठिकाणी लिहून सगळ्या पानांले लागू होईल असं काही आहे का?

पांढरंसोनं:
आहे ना भाऊ, जेएसएफ २.० पासूनच आहे. सगळी पानं ज्यावर बेतलेली आहेत त्या टेम्पलेटमधे एकच स्क्रिप्ट फाइल टाका आणि त्यात `जेएसएफ.एजॅक्स.अ‍ॅडऑनइव्हेंट` ला तुमचं फंक्शन द्या. पानावरचं कुठलंही एफ-एजॅक्स चाललं की ते फंक्शन बोलावलं जातं. डेटामधे स्टेटस येतं, आधी बिगिन, मग कम्प्लीट, मग सक्सेस, आणि कुठल्या बटणामुळे झालं ते सोर्समधे. चक्री बिगिनला दाखवा. बंद मात्र कम्प्लीटला करू नका, कारण तेव्हा उत्तर फक्त आलेलं असतं, पानावर बदल व्हायचे असतात. ते सक्सेसला करा. गडबड झाली तर सक्सेस येतच नाही, म्हणून `अ‍ॅडऑनएरर` पण लावा, नाहीतर चक्री फिरतच राहील.

दोन गोष्टी सांभाळा. ज्या पानावर एफ-एजॅक्स नाही तिथे जेएसएफची स्वतःची जेएस फाइल आपोआप येत नाही आणि तुमची स्क्रिप्ट 'जेएसएफ डिफाइन नाही' म्हणून मरते, तेव्हा ती फाइल टेम्पलेटमधेच आउटपुटस्क्रिप्ट टॅगने तुमच्या स्क्रिप्टच्या आधी ओढून घ्या. आणि तुमची स्क्रिप्ट एजॅक्सने परत रेंडर होणाऱ्या (नव्याने काढल्या जाणाऱ्या) भागात ठेवू नका, दर वेळी फंक्शन नव्याने जोडलं जातं आणि मग एकाच क्लिकला पाच वेळा चालतं.

जेएसएफ ३ पर्यंत हेच नाव आहे. जकार्ता फेसेस (जेएसएफचंच नवं नाव) ४ ला गेलात तर 'जेएसएफ' च्या जागी 'फेसेस' लिहावं लागेल.

नवाखेळ:
आजच्या जमान्यात जेएसएफ? रिअ‍ॅक्टमधे टाका सगळं, दोन महिन्यांत होते.

काटापावती:
@नवाखेळ दोन महिन्यांत सीझन संपते भाऊ 😅

@पांढरंसोनं लय आभार, चक्री सगळ्या पानांवर फिरून राह्यली. बिगिनला सोर्सवालं बटण डिसेबल केलं, सक्सेस आणि एररले परत चालू. बाकी पानांवर डबल एन्ट्री बंद. पण काट्याच्या पानावर अजूनही कधीकधी होते, तेही नेट स्लो असलं तरच. काहून होत असेल? आणि माह्या लॅपटॉपवर एरर आली की अलर्ट येत होता, जिनिंगवर कधीच आला नाही, असं कसं?

जुनाजावावाला:
अलर्टचं सोपं आहे. प्रोजेक्ट स्टेज ही सेटिंग डेव्हलपमेंट असली आणि एररसाठी फंक्शन लावलेलं नसलं तरच जेएसएफ स्वतः अलर्ट देतं, प्रॉडक्शनमधे गप्प बसतं.

डबल एन्ट्रीसाठी एक विचारतो, काट्याच्या पानावर गाडी नंबरच्या खान्यालाही एफ-एजॅक्स आहे का, शेतकऱ्याचं नाव वगैरे ओढायला? असेल तर कारण तेच. जेएसएफ एजॅक्स रिक्वेस्ट एकामागून एक पाठवतं, पहिली परत येईपर्यंत बाकीच्या ब्राउझरमधेच रांगेत थांबतात. गाडी नंबरवाली अडकलेली असताना ऑपरेटरने सेव्ह तीनदा दाबलं तर तिन्ही रांगेत जातात, आणि बिगिन येतं ते रांगेतून बाहेर निघताना, दाबताना नाही. म्हणजे तुमचं बटण तेव्हा डिसेबल झालेलंच नसतं. नेट मोकळं झालं की धडाधड तीन सेव्ह.

यावर लोक बिगिनला पूर्ण पानावर पडदा टाकतात, ते करू नका. नंबर टाकून ऑपरेटर सरळ सेव्हवर माउस दाबतो, दाबल्याबरोबर खान्याचं चेंज इव्हेंट सुटतं, पडदा येतो, आणि बोट उचललं तेव्हा माउसखाली बटण नसून पडदा असतो. क्लिकच लागत नाही. मग 'पहिल्यांदा दाबलं की होत नाही साहेब' असे फोन.

त्यापेक्षा क्लिकच पकडा. डॉक्युमेंटवर कॅप्चर टप्प्यात (क्लिक बटणापर्यंत पोचायच्या आधी) क्लिकचं एक फंक्शन लावा. एजॅक्सवालं बटण दाबलं की त्याची आयडी लिहून ठेवा, आयडी आधीच लिहिलेली असेल तर क्लिक तिथेच थांबवा. सक्सेस किंवा एररला सोर्सची आयडी बघून ती काढा. आयडीच ठेवा, एलिमेंट नको, कारण रेंडर झाल्यावर बटण नवीन येतं.

आणि सक्सेस म्हणजे सेव्ह झालं असं धरू नका बरं. ओलावा टाकायचा राहिला आणि व्हॅलिडेशन नापास झालं तरी सक्सेसच येतं, कारण सर्व्हरने उत्तर नीट दिलेलं असतं. 'पावती झाली' हे सर्व्हरवरूनच मेसेजमधे पाठवा.

पांढरंसोनं:
क्यूचं डोक्यातच नव्हतं आलं. यात माझी भर एवढीच की ब्राउझरमधे कितीही बांधलं तरी नेट तुटून ऑपरेटरने पान रिफ्रेश करून परत भरलं तर जावास्क्रिप्ट काय करणार. पान उघडताना एक टोकन (दर वेळी वेगळा क्रमांक) बनवा, पावतीच्या टेबलात त्यावर युनिक लावा, म्हणजे तोच क्रमांक दोनदा चालणार नाही, त्याने रांगेतल्या डबल सेव्हला दुसऱ्यांदा डेटाबेसच नाही म्हणेल. रिफ्रेशवाल्याला टोकन नवीन मिळतं, त्याच्यासाठी तीच गाडी, तेच वजन थोड्या वेळात परत आलं तर 'ही पावती आधीच आहे, पुढे जायचं का' असं विचारा.

सेशनचं सांगा, प्रत्येक रिक्वेस्टच्या आधी लॉगिन तपासणारा तुमचा स्वतःचा फिल्टर आहे का?

काटापावती:
हो, फिल्टर आहे, सेशन नसलं की सेंडरिडायरेक्टने लॉगिनवर पाठवते. आणि हो, गाडी नंबरले एफ-एजॅक्स आहेच!

जुनाजावावाला:
तेच. एजॅक्सला साधा रिडायरेक्ट दिला की ब्राउझर आतल्या आत लॉगिन पानाचं एचटीएमएल आणतो, जेएसएफला हवं असतं त्याचं एक्सएमएल, म्हणून एरर येते आणि पान मुकं. फिल्टरमधे फेसेस-रिक्वेस्ट हेडर बघा, त्यात 'पार्शल/एजॅक्स' असेल तर रिडायरेक्ट न करता टेक्स्ट एक्सएमएल द्या, पार्शल-रिस्पॉन्सच्या आत रिडायरेक्टचा टॅग आणि त्यात लॉगिनचा पत्ता. बाकी जेएसएफ बघून घेतं. ज्या पानांना फिल्टर नाही तिथे व्ह्यू एक्स्पायर्डची (सेशनबरोबर पानाची स्थिती गेल्याची) सर्व्हरएरर येईल, ती अ‍ॅडऑनएररमधे एररनेमवरून ओळखून पान परत लोड करा.

काटापावती:
फिल्टरचं केलं, सरळ लॉगिनवर जाऊन राह्यलं. क्लिकवालं पण टाकलं, टोकन उद्या टाकतो. एकच राह्यलं, नेट पुरं मेलेलं असलं तर एरर यायले लय वेळ लागते, तोवर चक्री पाहून ऑपरेटर माहं डोकं खाते. एफ-एजॅक्सले टाइमआउट देता येते का?

जुनाजावावाला:
एफ-एजॅक्सला टाइमआउट नाही, प्राइमफेसेसच्या पी-एजॅक्सला आहे. तुम्ही त्याच फाइलमधे बिगिनला सेटटाइमआउट लावा, वीस सेकंदांनी 'नेट स्लो आहे, थांबा, परत दाबू नका' एवढं दाखवा, आणि कम्प्लीटला ते काढा. रिक्वेस्ट मधेच तोडायच्या भानगडीत पडू नका, ती सर्व्हरला पोचली असेल की नाही हे ब्राउझरला कळत नाही.