मदत हवी आहे : आईला सांभाळायला येणाऱ्या बाईबद्दल

नमस्कार मंडळी. आम्ही वडगावचे. आईला अर्धांगवायूचा झटका येऊन 4 महिने झाले, उजवी बाजू गेली आहे. मी उद्यमबागेत कामाला जाते, म्हणून बेळगावातल्याच एका छोट्या एजन्सीकडून दिवसपाळीची बाई घेतली. पहिली फार मायेची होती. ती सोडून गेली, आणि आता दर आठ-दहा दिवसांनी नवीनच कोणीतरी येतं.

परवा अंग पुसताना माकडहाडावर लाल चट्टा दिसला. बोटानं दाबला तरी लाली जाईना. दर 2 तासांनी कूस बदला, असं कागदावर लिहून भिंतीला लावलंय, तरी होत नाही. भरवतातही आडवं ठेवूनच. ठसका लागला की माझा जीव घाबरतो. एजन्सीवाले फोनवर ‘बघतो’ म्हणतात, एवढंच.

अनगोळ, शहापूर, टिळकवाडी भागात कुणाला चांगला अनुभव आहे का? एकच बाई कायम राहील, असं लिहून घेता येतं का? हवेची गादी भाड्यानं कुठे मिळेल? कन्नड बोलणारी बाई चालेल, पण आईचं तुटक मराठी तिला कळायला हवं. आईला आता तेवढंच बोलता येतं.