"आता लॅपटॉप कोण घेतं?" घ्यावा लागतो, राव!

कृष्णाकाठ

परवा इथेच एका पोस्टमध्ये वाचलं: "विद्यार्थ्यांना आता लॅपटॉप लागतच नाही. चांगला टॅब घ्या, पेन घ्या, वह्यापुस्तकं सगळी एका पाटीत. लॅपटॉप मागणारा पोरगा गेम खेळायलाच मागतो." खाली अंगठ्यांची रांग. तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण डोकं तापलं आणि उत्तर लांबलं, म्हणून वेगळा धागा.

माझा भाचा सांगलीत मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचा लॅपटॉप म्हणजे माझाच २०१७ चा जुना. सातव्या जनरेशनचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, फिरती हार्डडिस्क. उजवं बिजागर गेलंय, त्यामुळे उघडताना मागून हात लावावा लागतो, नाहीतर स्क्रीनची कड टक्कन उचकटते. सकाळी बटण दाबून पोरगं आंघोळीला जातं. आल्यावर डेस्कटॉप दिसतो, पण फोल्डर उघडेपर्यंत केसही वाळतात. टॅब आहे तो लॉकडाऊनमधल्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला, दहा इंची. पीडीएफ वाचता येतात, पुढचं पान मात्र त्याच्या मर्जीने येतं.

ताईची भिशी लागली, ४०,००० हातात आहेत. दोन्हीपैकी एकच बदलता येईल.

यंत्रांचे भाग कॉम्प्युटरवर डिझाइन करायचं सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालतं. टॅब सोडा, मॅकवरसुद्धा नाही. त्या भागांवर किती ताण येतो ते तपासायच्या ॲन्सिसची विद्यार्थ्यांसाठीची आवृत्ती फुकट आहे, पण तीही विंडोजवरच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे आमचा डबा थोडक्यात बाहेर. गेम खेळायला म्हणे! त्यावर पत्त्यांचा डाव मांडला तरी पंखा विमानासारखा ओरडतो.

पाटीपेन्सिल

ती पोस्ट माझीच. नाव घेऊन लिहिलं असतं तरी चाललं असतं, काका.

मी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डात राउंड चालू असताना भिंतीला टेकून उभ्याने एका हातात लॅपटॉप धरून दाखवा, मी पोस्ट उडवते. पॅथॉलॉजीचं पुस्तक उचललंय कधी? पहिल्या वर्षी पाठीवर नऊ किलोचं दप्तर होतं, वसतिगृहाच्या काट्यावर मोजलेलं. आता सगळं टॅबवर. आकृतीवरच बाण काढते, लाल-निळं करते, परीक्षेच्या आदल्या रात्री शोधलं की सापडतं. "विद्यार्थी" म्हटलं की मेकॅनिकलचाच मुलगा का दिसतो तुम्हाला?

आणि तुमचं ते सॉलिडवर्क्स कॉलेजच्या लॅबमध्ये असतंच ना? गणितं करायचं मॅटलॅब ब्राउझरमध्ये चालतं, ड्रॉइंग काढायच्या ऑटोकॅडचीही वेब आवृत्ती आहे. आठवड्यातल्या तीन तासांसाठी ४०,००० घालायचे?

कृष्णाकाठ

लॅब पाचला बंद होते. साडेचारला शिपाई किल्ल्या वाजवायला लागतो. प्रोजेक्ट काय शिपायाच्या तालावर करायचा?

आणि "चांगला टॅब, चांगला टॅब" चाललंय त्याचा हिशोब मांडू. २०२५ चा साधा आयपॅड आला तेव्हा ३४,९०० चा होता. त्याला चालणारी यूएसबी-सी पेन्सिल ७,९०० ची. झाले ४२,८००, अजून कव्हर नाही, कीबोर्ड तर नाहीच. बरं, त्या पेन्सिलीला दाबही कळत नाही. तुम्ही हलकं टेकवा नाहीतर रेटा, रेघ तेवढीच जाड.

पाटीपेन्सिल

ॲपल सोडूनही जग आहे, काका. सॅमसंगच्या एफई मालिकेत पेन डब्यातच येतो, आणि त्याला दाब कळतो. मी तोच वापरते. हिशोब करायचा तर पूर्ण करा.

उबंटूभाऊ

नवीन काहीच घेऊ नका. हार्डडिस्क काढून वेगवान एसएसडी टाका, रॅम वाढवा, विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स मिंट चढवा. माझा २०१४ चा लॅपटॉप वीस सेकंदात चालू होतो. विंडोजचा सपोर्ट संपला म्हणून चांगलं यंत्र भंगारात काढायचं हा शुद्ध वेडेपणा आहे.

कृष्णाकाठ

आणि त्यावर सॉलिडवर्क्स?

उबंटूभाऊ

त्याच कामाचं फुकटचं फ्रीकॅड शिका.

कृष्णाकाठ

धन्य. ओरलला बाहेरून आलेल्या परीक्षकाला सांगतो, "सर, तुमच्या अभ्यासक्रमातलं नाही, पण आमच्या उबंटूभाऊंचं शिकलोय."

भिशीवाली

ज्या ताईची भिशी लागली तिला कोणी विचारलं का? दोन-दोन हजार बाजूला काढताना काय होतं ते तिलाच ठाऊक.

आमच्या लेकीने बारावीनंतर असाच हट्ट धरून टॅब घेतला. बिनव्याजी हप्ते म्हणाले. मग प्रोसेसिंग फी निघाली, त्यावर जीएसटी. सहा महिन्यांत एसटीत पेन हरवला, नवीन पेनाची किंमत ऐकून मी खाली बसले. बीकॉमच्या प्रोजेक्टची वेळ आली तेव्हा म्हणते, "आई, टॅबवर एक्सेल नीट होत नाही." शेवटी लॅपटॉप घेतलाच. आता टॅब ओट्यावर असतो. कुकरच्या शिट्ट्या मोजत मालिका बघते मी त्यावर.

शीटमारू

तुम्ही सगळे चुकीच्या ठिकाणी भांडताय. लॅपटॉप घ्या नाहीतर टॅब, मेकॅनिकलच्या पोराचा निम्मा वेळ जाणार आहे हाताने जर्नल, म्हणजे प्रयोगवही, लिहिण्यात! टॅबवर मोत्यासारखं अक्षर काढून प्रिंट दिली तरी "हाताने लिहून आण" म्हणतात. एका बाजूला रेघी पान, दुसऱ्या बाजूला कोरं, कोऱ्यावर पेन्सिलने आकृती, वर ब्राऊन कव्हर. आणि हे कशासाठी, तर सत्रभराच्या कामाच्या, म्हणजे टर्मवर्कच्या, मार्कांसाठी.

आमच्या कॉलेजातलं मटेरियल टेस्टिंगचं मोठं मशीन आम्ही गेलो तेव्हाच बंद होतं, आम्ही बाहेर पडलो तरी बंदच. पण सळी ओढून तोडायच्या टेन्साइल टेस्टची रीडिंग्ज मात्र आमच्या प्रत्येकाच्या जर्नलमध्ये! सीनिअरकडून आलेली, त्याला त्याच्या सीनिअरकडून. त्या मूळ पुरुषाने घाईत "माइल्ड स्टील"चं "मिल्ड स्टील" लिहिलं होतं. अख्ख्या बॅचच्या जर्नलमध्ये मिल्ड स्टील. सगळ्यांवर लाल पेनाची बरोबरची खूण.

निवृत्त_मास्तर

मी तीस वर्षं पॉलिटेक्निकला शिकवलं. अशा धाग्यांवर सहसा लिहीत नाही, पण आता राहवत नाही.

जर्नल ही शिक्षा नव्हे. हाताने आकृती काढणाऱ्याला भाग कळतात. क्लिक करून आकृती चिकटवणाऱ्याला फक्त क्लिक येतं. ओरलला मी फर्स्ट अँगल प्रोजेक्शन या ड्रॉइंगच्या पद्धतीत टॉप व्ह्यू, म्हणजे वरून दिसणारं चित्र, कुठे येतो विचारायचो. सॉफ्टवेअरवर शिकलेली मुलं छताकडे बघायची, मिनी ड्राफ्टरच्या पट्ट्या घेऊन हाताने ड्रॉइंगची शीट मारलेली मुलं न बघता सांगायची, एलिव्हेशनच्या, म्हणजे समोरून दिसणाऱ्या चित्राच्या, खाली. लॅपटॉपने हात संपवला, आता टॅब डोकं संपवेल.

शीटमारू

मास्तर, शीट "मारलेली" म्हणालात म्हणून विचारतो. जीटी ऐकलंय ना? ग्लास ट्रेसिंग? होस्टेलला शोकेसची काच काढून दोन खुर्च्यांवर आडवी ठेवायची, खाली टेबललॅम्प, वर टॉपरची शीट, तिच्यावर आपली, कोपऱ्यांना टेप. रात्री दोन वाजता काच इतकी तापायची की कोपराला चटका बसायचा. तुम्हाला न बघता उत्तर देणाऱ्यांतल्या निम्म्यांनी ती शीट काचेवरच काढलेली.

निवृत्त_मास्तर

माहीत होतं. आम्हीही काही शेण खात नव्हतो. जीटीच्या रेघेला खोडलेली खूण नसते, ती लगेच ओळखू येते.

शीटमारू

मग सही का करायचात?

निवृत्त_मास्तर

साठ जर्नलं, चार विषय, त्यावर परीक्षेची ड्यूटी, निवडणुकीची ड्यूटी. तुम्ही करून बघा. हो, पानं मोजून सह्या केल्यात मी. झालं समाधान?

शीटमारू

झालं! हे ऐकायला इतकी वर्षं थांबलो होतो. मिल्ड स्टीलचा विजय असो.

उबंटूभाऊ

जर्नलसाठी लाटेक, ते पानं मांडायचं फुकट सॉफ्टवेअर, वापरलं असतं तर...

भिशीवाली

भाऊ, गप्प बसा हो जरा.

निवृत्त_मास्तर

आणि ती "शेण" भाषा माझी नव्हती, चिडून लिहिली गेली. पण हाताने लिहिण्याबद्दल माझं मत बदललेलं नाही. पोराला टॅबच घ्यायचा तर पेनवाला घ्या, निदान लिहील तरी.

पाटीपेन्सिल

बघा काका, मास्तर माझ्या बाजूने आले. तेही चुकून.

गल्लीतला_तंत्रज्ञ

इतका वेळ वाचतोय. नवीनच हवं असं कोणी सांगितलं? मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी लॅपटॉप बदलतात, ते बाजारात येतात. मी गेल्या दिवाळीत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आठव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, १६ जीबी, एसएसडीसकट २६,००० ला घेतला. विंडोज ११ चालतं. सॉलिडवर्क्सवर बरेच भाग जोडलेली मोठी असेंब्ली उघडली की धापा टाकतो, पण दुसऱ्या वर्षाचं काम होतं.

घेताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन बघा, जुन्या कंपनीचा पासवर्ड असेल तर हात लावू नका. बॅटरी किती झिजली ते दुकानातच तपासा. चार्जर मूळचा मागा. बिजागर दहा वेळा उघडझाप करून बघा, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या. उरलेल्या पैशांत पुढे साधा पेनवाला टॅब बसेल, आणि हा धागा बंद करता येईल.

पाटीपेन्सिल

ठीक आहे. मेकॅनिकल असेल तर लॅपटॉप. "गेम खेळायलाच मागतो" हे वाक्य मागे घेते, कारण त्या डब्यावर गेम चालत नाही हे सिद्ध झालंय. बाकी पोस्ट तशीच राहील.

कृष्णाकाठ

इतकं तरी आलं. जुना घ्यायला मन धजत नव्हतं, वॉरंटीचं काय? पण १६ जीबी आणि २६,००० ऐकून ताईला फोन लावलाय. वॉर्डात उभ्याने लॅपटॉप धरता येत नाही, हे मात्र मान्य. मी घरी करून बघितलं. बायको हसली.

भाचा_नंबर_एक

मामा, माझ्यावर धागा काढलास आणि मला लिंक आईकडून मिळाली?

एक दुरुस्ती. बिजागर माझ्याकडे यायच्या आधीच गेलेलं. तूच गणपतीत आरतीचे व्हिडिओ लावायला लॅपटॉप स्पीकरवर ठेवला होतास, तो पडला. आई साक्षीदार आहे.

जुना लॅपटॉप चालेल मला, शनिवारी मिरजेतल्या दुकानात बघून येतो. बायोसचं लिहून घेतलंय. आत्ता वेळ नाही, उद्या सबमिशन आहे, थर्मोच्या जर्नलची अकरा पानं बाकी आहेत. आणि शीटमारू दादा, तुमचं ते माइल्ड स्टीलवालं जर्नल कोणत्या कॉलेजचं? आमच्याकडेही "मिल्ड"च आहे.