मदत हवी आहे : मॅचला उभं राहिलं की स्वतःवरचा विश्वासच जातो

नमस्कार मंडळी, मी साताऱ्याची, कंपाऊंड आर्चरी (टोकांना चाकं असलेल्या धनुष्याची तिरंदाजी) करते. प्रॅक्टिसला माझं ग्रुपिंग छान बसतं (बाण एकमेकांजवळ लागतात), सरही म्हणतात फॉर्ममध्ये काही चूक नाही, पण स्पर्धेत एलिमिनेशन राऊंड (हरलं की बाहेर) सुरू झाला ना की सगळं बदलतं. हातात मोजकाच वेळ, समोर ५० मीटरवर दहा गुणांचं ते ८ सेंमीचं वर्तुळ, आणि स्कोप (नेम धरायचं भिंग) मधल्या पिवळ्यावर आला रे आला की वाटतं हा बाण दहात जाणार नाही आणि बोट आपोआप बाण सोडायचा ट्रिगर दाबतं, किंवा मग उलट, सुटतच नाही, धनुष्य खाली घ्यावं लागतं. याला टार्गेट पॅनिक म्हणतात एवढं कळलंय. सरांनी टार्गेटचा कागद काढून जवळून नुसत्या बटवर (कागदामागच्या जाड गादीवर) डोळे मिटून मारायला लावलंय, त्याने प्रॅक्टिसला खरंच फरक पडला, मॅचला मात्र नाही.

आपल्याच साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनला १७ व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाली, फायनलला १५ बाणांत १५० पैकी १४९! ते बघूनच तर माझी जिद्द वाढली होती, पण आता घरचे सहज जरी तिचं नाव घेतात तरी पोटात गोळा येतो, आपण त्या लायकीचे नाही असं वाटत राहतं. हे कुणाला बोलताही येत नाही हो.

कुणी यातून बाहेर आलंय का? शूटिंगवाले, कुस्तीवाले, कुणीही सांगा. मॅचच्या आदल्या रात्री आणि दोन बाणांच्या मध्ये तुम्ही मनात नेमकं काय करता? आणि सातारा, कराड किंवा पुण्यात खेळाडूंसोबत काम केलेले चांगले स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्ट माहीत असतील तर प्लीज कळवा, फी साधारण किती तेही. मला खेळ सोडायचा नाहीये.