रबाळ्याहून मोंबासा: २१ टनांचं व्हेसल कंटेनरमध्ये बसत नाही, आता काय करू?

रबाळे_फॅब

नमस्कार. रबाळे एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशन शॉप आहे. बाबांनी उभं केलं, आता मी बघते. आजवर आमचा माल तारापूर, महाड, फार तर दहेजपर्यंत गेला. यंदा पहिल्यांदाच परदेशी ऑर्डर लागली आहे. केनियातल्या एका खाद्यतेल कारखान्यासाठी उभं प्रेशर व्हेसल (दाब सहन करणारी मोठी टाकी), सीएफआर मोंबासा (मोंबासापर्यंतचं जहाजभाडं आमच्याकडे), पैसे एलसीवर (बँकेच्या हमीपत्रावर, कागद नियमात बसले तरच).

शेलचा (गोल अंगाचा) बाहेरचा व्यास ३.१ मीटर, स्कर्ट (खालची बैठक) धरून लांबी ७.२ मीटर, वजन २१ टन. कोटेशनच्या वेळी फॉरवर्डरला (माल जहाजाने पाठवून देणाऱ्या एजंटला) मी फोनवर "सात मीटर, एकवीस टन" एवढंच सांगितलं. त्यानेही व्यास न विचारता ४० फुटी कंटेनरचं भाडं कळवलं आणि तेच धरून मी भाव दिला. परवा कळलं की कंटेनरचं दारच जेमतेम २.३४ मीटर रुंद असतं. तेव्हापासून झोप उडाली आहे.

आता एक जण फ्लॅट रॅक (छत आणि बाजूच्या भिंती नसलेला कंटेनर) म्हणतो, दुसरा ब्रेकबल्क (कंटेनरशिवाय सुटा नग जहाजात ठेवणं) म्हणतो. आडवं घातल्यावर नोझल (पाइप जोडायची तोंडं), क्लीट (इन्सुलेशन धरायच्या पट्ट्या), सॅडल (खालचे आधार) सगळं धरून माप ७.२ बाय ३.५ बाय ३.६५ मीटर येतंय. हायड्रो टेस्ट (पाणी भरून दाबाची चाचणी) अजून व्हायची आहे. ऑगस्टअखेर माल निघायला हवा. सुरुवात कुठून करू? बाबांना अजून सगळं सांगितलेलं नाही.

बेलापूर_प्रोजेक्ट_कार्गो

ताई, हायड्रो व्हायची आहे हे वाचून मला हायसं वाटलं. २२ वर्षं न्हावा शेव्यातून बोजड माल पाठवतोय. मला फोन येतो तो बहुतेक वेळा माल रंगवून गेटशी आणून ठेवल्यावर. तेव्हा कुणाच्याच हातात काही राहिलेलं नसतं. तुमच्या हातात अजून बरंच आहे.

आधी हा ३.५ चा आकडा सोडवू. शेल ३.१, एका बाजूच्या नोझलचे ३५ सेंटिमीटर आणि इन्सुलेशनच्या क्लीटचे दोन्हीकडून मिळून ५, बरोबर? उंचीतही तेच: ३.१, वरच्या नोझलचे ३५ आणि खाली सॅडलचे २०. म्हणजे तुमची मुख्य नोझल ० आणि ९० अंशांवर आहेत आणि ड्रॉइंगमध्ये आडवं झोपवताना एक थेट वर, एक थेट बाजूला ठेवलंय. सगळेच असं ठेवतात, कारण कागदावर ते सरळ दिसतं.

पण उभं व्हेसल आडवं झोपवताना कुठल्या कुशीवर झोपवायचं हे तुम्ही ठरवता. ते ४५ अंशांनी फिरवा. समजा नोझल ८ इंची, १५० क्लासचं आहे. फ्लँजचा (तोंडावरच्या बोल्टच्या चकतीचा) व्यास साधारण ३४३ मिलिमीटर. फ्लँजचं तोंड व्हेसलच्या मध्यापासून १.९ मीटरवर. ४५ अंशांवर गेल्यावर त्या फ्लँजचा सगळ्यात बाहेरचा कोपरा मध्यरेषेपासून जेमतेम १.४६ मीटरवर येतो. शेलची त्रिज्या १.५५. म्हणजे नोझल कोपऱ्यात लपलं. एक भोक हलवलं नाही, एक वेल्ड तोडला नाही, आणि माप झालं ७.२ बाय ३.१५ बाय ३.३. सॅडल त्या कोनासाठी बनवा, बस.

आता याचा पैशांशी संबंध. ब्रेकबल्कचं भाडं वजन किंवा घनमाप, जे जास्त त्यावर लागतं. एक घनमीटर म्हणजे एक टन. तुमचे २१ टन तिथे कुणी बघत नाही. जुन्या मापाने ९२ टनांचं भाडं भरलं असतं, नव्याने ७५ टनांचं. तिथे प्रत्येक सेंटिमीटरला पैसे आहेत.

फ्लॅट रॅकचं गणित वेगळं. तिथे भाडं जिन्यासारखं चढतं. माल रॅकच्या २.४४ मीटर रुंदीबाहेर थोडाही गेला की शेजारच्या कंटेनरची जागा गेली, कारण जहाजावर दोन कंटेनरमध्ये काही बोटांचीच फट असते. मग तो ५ सेंटिमीटर बाहेर असो की ५०. दोन्ही बाजूंच्या आणि वरची जागा मारली जाते आणि लाइन (जहाज कंपनी) त्या सगळ्या स्लॉटचे पैसे लावते. तेव्हा फिरवल्यामुळे फ्लॅट रॅकचं भाडं फारसं उतरणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तरी फिरवा. रस्त्यावर आणि क्रेनखाली त्याचा उपयोग होईल.

माझं मत विचाराल तर एका नगासाठी फ्लॅट रॅक. मोंबासाला कंटेनर जहाजं नियमित जातात. ब्रेकबल्कच्या जहाजासाठी एका नगाला वाट बघत बसावं लागतं आणि तुमच्या एलसीची तारीख थांबणार नाही. २० फुटी रॅकमध्ये तुमची लांबी बसणार नाही, ४० फुटीच घ्यावा लागेल. २१ टन त्याला सहज पेलतात. अडचण वेगळी आहे: ते वजन दोन सॅडलवर, म्हणजे दोन अरुंद पट्ट्यांवर येतं. सॅडलखाली रॅकच्या लांबीच्या दिशेने बीम टाका, म्हणजे भार रॅकच्या मुख्य गर्डरवर पसरेल.

लाइनला मंजुरीसाठी ड्रॉइंग पाठवताना त्यावर चार गोष्टी हव्यात: बाहेरच्या टोकापर्यंतचं माप, वजन, गुरुत्वमध्य आणि उचलायच्या-बांधायच्या जागा. गुरुत्वमध्य रॅकच्या मध्यावर यायला हवा, नाहीतर क्रेनने उचलताच एक टोक खाली जातं. जहाज बदलून जाणार असेल तर पुढच्या जहाजासाठी मंजुरी परत लागते. म्हणून थोडं महाग पडलं तरी थेट जाणारं जहाज मागा.

आणि ऑगस्टमध्ये अरबी समुद्र खवळलेलाच असतो. कार्गो बांधण्याचा जो आंतरराष्ट्रीय सीटीयू कोड आहे, तो सगळ्यात खवळलेल्या समुद्रासाठी आडव्या धक्क्याला वजनाच्या ०.८ पट धरायला सांगतो. तुमच्या व्हेसलला साधारण १७ टन बाजूने ढकलतायत असं समजून लॅशिंग करून घ्या. सॅडलखाली रबर मॅट घाला, रंगवलेलं लोखंड रंगवलेल्या लोखंडावर घसरतं. चेन थेट शेलवर आवळू देऊ नका.

बाबांना आजच सांगा. त्यांनी आयुष्यभर लोखंड फिरवलंय, ४५ अंशांचा मुद्दा त्यांना तुमच्याआधी कळेल.

कळंबोली_ट्रेलर

बेलापूरवाल्या दादांचं बरोबर आहे, पण रस्त्याचं मी सांगतो. माल फॅक्टरीत फ्लॅट रॅकवर चढवू नका. लो-बेड (बुटक्या तळाचा ट्रेलर) ०.९ मीटर, रॅकचा तळ साधारण ०.६५, वर तुमचे ३.३. झाले ४.८५. जुन्या मापाने तर ५.२ झाले असते. ठाणे-बेलापूर रोडवरचे पादचारी पूल, दिशादर्शक कमानी, लोंबणाऱ्या केबल, कशाकशाखालून काढणार? नुसतं व्हेसल लो-बेडवर घेतलं तर ४.२ मध्ये काम होतं. रॅकवर चढवणं द्रोणागिरीला सीएफएसमध्ये (बंदराजवळच्या कंटेनर यार्डात) करा. तिथे क्रेन आणि लॅशिंगवाले दोन्ही मिळतात.

गाडीची कायदेशीर रुंदी २.६ मीटर, तुम्ही ३.१५. म्हणजे ओडीसी (मर्यादेबाहेरच्या मापाच्या मालाची) परवानगी लागणारच. ती गाडीच्या नंबरावर आणि मालाच्या मापावर निघते. माप नंतर बदललं की कागद परत. म्हणून आधी कोन ठरवा, मग मला किंवा कुणालाही माप द्या.

रबाळ्याहून तुर्भे, सायन-पनवेल हायवे, उरण फाटा, आम्र मार्ग, गव्हाण फाटा, करळ फाटा. हा रस्ता रात्री जायचा. निघायच्या आदल्या रात्री आमचा माणूस पिकअपवर साडेचार मीटरचा बांबू उभा बांधून सगळा रस्ता फिरतो. जिथे बांबू लागला तिथे उतरून फोटो. ऑगस्टअखेर म्हणताय तर दहीहंडी आणि गणपतीच्या मंडळांच्या कमानी लागायला लागतात. एमआयडीसीतून बाहेर पडायच्या आतल्या रस्त्यावर एक कमान लागली की रात्र वाया. दोन वर्षांपूर्वी माझा ट्रेलर अशाच कमानीपुढे पहाटेपर्यंत उभा होता, आणि पोरांनी झोपेतून उठून ती सोडून दिली. मंडळाला चार दिवस आधी जाऊन भेटा, कुणी नाही म्हणत नाही.

तुर्भे_पॅकिंग

लाकडाबद्दल एकच. सॅडलखाली, रॅकवर, सुट्या सामानाच्या पेटीला जे लाकूड वापराल ते उष्णता दिलेलं आणि आयपीपीसीचा (आंतरराष्ट्रीय वनस्पती-संरक्षण कराराचा) शिक्का असलेलंच घ्या. गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस सलग ३० मिनिटं, असा नियम आहे. लोक पेटी शिक्क्याची घेतात आणि खाली पाचर मात्र शॉपमधल्या कुठल्यातरी फळीची मारतात. माल त्या पाचरेवरून अडतो.

बेलापूर_प्रोजेक्ट_कार्गो

काल एलसीचं लिहायचं राहिलं आणि ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. तुमचा माल बहुधा डेकवर जाईल आणि बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या मालाच्या पावतीवर) तसं लिहून येईल. एलसी ज्या यूसीपी ६०० नियमांवर चालते, त्यांच्या २६ व्या कलमात स्पष्ट आहे: माल डेकवर चढवला आहे असं म्हणणारं वाहतुकीचं कागदपत्र चालत नाही. "डेकवर चढवला जाऊ शकतो" एवढंच असेल तर चालतं. म्हणजे माल सुखरूप मोंबासाला पोचेल आणि बँक तुमचे कागद परत करेल. एका ओळखीच्या शॉपचं हेच झालं होतं. माल ग्राहकाच्या दारात, पैसे दोन महिने अडकलेले. तो माणूस माझ्यासमोर बसून रडला होता, म्हणून इतकं कळकळीने सांगतोय. ग्राहकाकडून आजच एलसीत दुरुस्ती मागा, डेकवरच्या शिपमेंटचं बिल चालेल अशी. त्याला माल हवाय, तो देईल.

सीएफआरमध्ये विमा ग्राहकाचा असतो, पण त्याच्या विमा कंपनीला डेकवरचा माल आहे हे माहीत हवं. तेही त्याच मेलमध्ये लिहा. केनियाचं मालतपासणीचं सर्टिफिकेट ऑफ कन्फर्मिटी इथून माल निघायच्या आधी लागतं, त्याची तारीख हायड्रोला जोडूनच मागा. आणि १ जुलै २०१६ पासून वजनाचं व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरच्या पडताळलेल्या वजनाचा दाखला) दिल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही. ते रॅक, लाकूड, चेन सगळं धरून असतं, नुसते २१ टन लिहू नका.

भाड्यातल्या फरकाचं ग्राहकाशी मोकळेपणाने बोला. मापं, फ्लॅट रॅकचं कोटेशन, सगळं समोर ठेवा. कदाचित सगळा फरक देणार नाही, पण अर्धा वाटून घेणारे मी पाहिलेत.

रबाळे_फॅब

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. चहा संपवला आणि मला घेऊन शॉपमध्ये आले. खडूने जमिनीवर ३.१ मीटरचं वर्तुळ काढलं, भोवती चौकोन, आणि नोझलच्या जागी फ्लँजचे पुठ्ठे ठेवून फिरवत बसले. ४५ अंशांवर दोन्ही ८ इंची पुठ्ठे चौकोनाच्या आत आले. १८० अंशांवर आमचं २४ इंची मॅनहोल आहे, ते खालच्या कोपऱ्यात जातं. त्याचा कोपरा शेलच्या बाहेर सेंटिमीटरभरच येतो, क्लीटच्या आतच. डेव्हिट (मॅनहोलचं झाकण पेलणारा हात) मात्र १२ सेंटिमीटर बाहेर राहतो. तो बोल्टचा आहे, काढून पेटीत टाकू.

सॅडल फक्त टॅक केलेली (वेल्डच्या टाक्यांनी तात्पुरती जोडलेली) होती. आज सकाळी फिटरकाकांनी सोडवून घेतली. ग्राहकाला एलसीचा मेल गेला आहे.

एक अडलंय. उभं करायचे दोन लिफ्टिंग लग (क्रेनने उचलायचे कान) ० आणि १८० अंशांवर, शेलच्या वरच्या टोकाला आहेत. कोन बदलल्यावर ते तिरके जातात. चालेल का?

बेलापूर_प्रोजेक्ट_कार्गो

नाही चालणार. उभं करताना दोन्ही लग एका पातळीत हवेत, नाहीतर तिथल्या क्रेनवाल्याला आधी व्हेसल लोळवावं लागेल. अजून वेल्ड पक्के नसतील तर ते ४५ आणि २२५ अंशांवर न्या, आणि व्हेसल अशा कुशीवर झोपवा की हे दोन कोन डाव्या-उजव्या बाजूला येतील. लग शेलवर न ठेवता वरच्या डिशवर (गोलसर झाकणावर) घ्या. डिश आत वळते, त्यामुळे ते ३.१५ च्या बाहेर येणार नाहीत. डिझाइनवाल्याकडून लगचं कॅल्क्युलेशन परत करून घ्या, लगखाली पॅड (जादा पत्रा) लागेल. इन्स्पेक्टरला सुधारित ड्रॉइंग दाखवून त्याची सही घ्या, आणि हे सगळं हायड्रोच्या आधी. हायड्रोची तारीख कधीची आहे?

रबाळे_फॅब

पुढच्या गुरुवारची. डिझाइनवाल्यांना आत्ताच फोन लावते.